सात राज्यें आणि एक माप

'चीन' हें नांव ज्या छिन राज्यावरून पडलें असें पुष्कळ विद्वान् मानतात, तें प्रारंभीं चिनी जगाच्या अगदीं पश्चिम कडेला होतें. पूर्वेकडील राजे त्याला अर्धवट रानटी समजत. असें हें राज्य शेवटीं साऱ्या चीनचें स्वामी कसें झालें?

इ. स. पूर्वीं ७७१ मध्यें चौ वंशाची पश्चिमेकडील राजधानी शत्रूंच्या हातीं पडली. राजघराणें पूर्वेस लोयांगच्या आश्रयास गेलें आणि राजसत्ता नांवापुरती उरली. बळी तो कान पिळी या न्यायानें लहान राज्यें नाहींशीं होऊं लागलीं. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकापासून २२१ पर्यंतच्या काळास 'युध्यमान राज्यांचें युग' म्हणतात. त्यांत छिन, छू, छी, येन, हान, चाओ आणि वेई हीं सात राज्यें प्रबळ ठरलीं.

या काळांत युद्धाचें स्वरूपच पालटलें. पूर्वीं सरदार रथांत बसून लढत. आतां शेतकऱ्यांचें अफाट पायदळ लढूं लागलें. ज्याच्यापाशीं धान्य व शिस्तीचीं माणसें अधिक, त्याचा जय! हें मर्म शांग यांग या मुत्सद्द्यानें ओळखलें. छिनच्या अधिपतीचा आश्रय मिळतांच त्यानें इ. स. पूर्वीं ३५६ पासून नवे कायदे जारी केले. मानमरातब जन्मावरून नव्हे, तर रणांतील पराक्रमावरून मिळूं लागले. पांच-दहा कुटुंबांचे गट पाडण्यांत आले. एकाचा गुन्हा लपविल्यास सर्वांस शिक्षा होई. इ. स. पूर्वीं ३४४ मध्यें त्यानें ठरविलेलें कांशाचें एक चौकोनी माप शांघायच्या संग्रहालयांत आहे. सुमारें २०० घनसेंटिमीटरांच्या या मापानें सर्वांचें धान्य सारखेंच मोजावयाचें होतें.

कायद्यानें मात्र त्याच्या कर्त्यालाहि सोडलें नाहीं. इ. स. पूर्वीं ३३८ मध्यें आश्रयदाता निवर्तला आणि शांग यांगवर पळण्याची पाळी आली. इतिहासकार सिमा छिएन सांगतो कीं, एका सराईच्या मालकानें त्यास उतरूं दिलें नाहीं. ओळख पटविल्यावांचून पाहुणा ठेवूं नये, असा शांग यांगचाच कायदा होता! पुढें तो मारला गेला. त्याचे कायदे मात्र टिकले.

त्या कायद्यांनीं घडविलेलें सैन्य भयंकर होतें. इ. स. पूर्वीं २६० मध्यें चांगफिंग येथें चाओचें सैन्य उपासमारीनें शरण आलें, तरी त्याची कत्तल झाली. सिमा छिएन मृतांची संख्या ४ लाखांवर देतो. आकडा फुगविलेला असेल. पण १९९५ मध्यें तेथें सांपडलेल्या खड्ड्यांतील हाडें संहाराची साक्ष देतात. पुढें इ. स. पूर्वीं २३० ते २२१ या दहा वर्षांत उरलेलीं सहाहि राज्यें छिननें जिंकलीं. शांग यांगच्या त्याच मापाच्या तळाशीं पहिल्या सम्राटाचा हुकूम कोरला गेला. एका राज्याचें माप साऱ्या देशाचें झालें.

परंतु हें साम्राज्य पंधरा वर्षेंच टिकलें. इ. स. पूर्वीं २०९ मध्यें पावसामुळें कांहीं वेठीच्या शिपायांना ठाण्यावर पोंचण्यास उशीर झाला. सिमा छिएनच्या वृत्तांताप्रमाणें उशिराची शिक्षा मृत्यु होती. मरण अटळच, तर बंड कां करूं नये, असें म्हणून त्यांनीं शस्त्र उचललें. त्या वणव्यांत छिन वंश जळून गेला. पाठोपाठ आलेल्या हान वंशानें छिनची कारभाराची चौकट बव्हंशीं ठेविली, पण शिक्षा हळूहळू सौम्य केल्या. आणि तो वंश सुमारें चार शतकें टिकला. एकाच मापानें धान्य मोजणें लोकांनीं मानलें; एकाच मापानें माणसें मोजणें त्यांना सोसलें नाहीं.