कॉलेजची पोरं वही घेऊन आली, तर हिशोब सांगा



बंदीचे दिवस आले की आपल्याकडे दोन कामं निघतात. किनाऱ्यावर जाळी नीट करायची आणि घरात पैशाची जुळवाजुळव. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होडी दर्यात जात नाही, पण खर्च काय थांबत नाही. इंजिन उघडून ठेवलेलं असतं, पोरांच्या शाळा सुरू होतात आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीचं डिझेल-बर्फ उधारीवर मिळत नाही. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

या उचलीबद्दल आज जरा सविस्तर लिहितो, आणि कॉलेजच्या पोरांचा तिच्याशी काय संबंध तेही.

व्यापारी उचलीवर व्याज लावत नाही, म्हणून ती आपल्याला स्वस्त वाटते. फक्त मासळी त्यालाच घालायची, त्याच्या दराने. आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, कुणाच्या घरचे नाहीत. समजा १ लाख उचलले आणि किलोमागे बाजारापेक्षा १० रुपये कमी मिळाले. दहा महिन्यांत २,५०० किलो मासळी घातली, तर २५,००० रुपये गेले. आणि उचल तशीच उभी. तेच १ लाख बँकेकडून ७ टक्क्यांनी दहा महिने वापरले असते, तर व्याज साधारण ५,८०० झालं असतं. म्हणजे बिनव्याजी पैसा चौपटीहून महाग पडला. व्यापारी वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. रात्री अकराला पैसे देणारा तोच असतो. पण किंमत माहीत असू दे.

बँकेचा रस्ता आहे का? आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू झालं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचे नियम काढले. डिझेल, बर्फ, मजुरी, होडी लावायचं भाडं असला चालू खर्च त्यात बसतो. नोंदणी झालेली होडी स्वतःची असो वा भाड्याची, आणि मासेमारीचा परवाना असला की अर्ज करता येतो. मासेमारीसाठी २ लाखांपर्यंत सवलतीचं व्याज ७ टक्के, वेळेवर फेडलं तर ४ टक्क्यांवर येतं. १ जानेवारी २०२५ पासून शेती आणि जोडधंद्याच्या २ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही.

मग अडतं कुठे? कागदावर. आमच्या एका सभासदाला बँकेत विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती. तो म्हणाला, "साहेब, दर्याला विचारा." सगळे हसले. अर्ज मात्र परत आला. त्या माणसाने तीस वर्षं कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत, पण हे लिहिलेलं कुठेच नव्हतं.

इथे कॉलेजची पोरं उपयोगाला येतात. ही काय आजची नवी कल्पना नव्हे. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि डॉ. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. या मंडळींनी खुर्चीत बसून पुस्तकं लिहिली नाहीत. १९३३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फळबाजाराची पाहणी छापली, पुढे १९४० मध्ये वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची. शेतकऱ्याच्या घरात जाऊन किती पिकलं, कुणाला विकलं, हातात काय उरलं, हे विचारायचं आणि लिहायचं.

मग १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं. गोरवाला समितीत गाडगीळ होते. अहवाल १९५४ मध्ये आला आणि आकडे बघून लोक चक्रावले. गावातल्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचं, सहकारी संस्थांचं जेमतेम ३ टक्के, आणि व्यापारी बँकांचं १ टक्काही नाही. सावकार आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण आकडा समोर आला तेव्हा सरकारला पतसंस्थांत पैसा घालावा लागला. आपण त्यावेळी पोर्तुगीजांच्या राज्यात, त्यामुळे केरीचं नाव त्या पाहणीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

तेच गाडगीळ लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. आणि १९६९ मध्ये त्यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की एकेका भागाची जबाबदारी एकेका बँकेला द्यावी. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. आज उत्तर गोव्याची अग्रणी बँक स्टेट बँक आहे, ती याच योजनेमुळे.

दुसरं उदाहरण बांगलादेशचं. ते आपल्या उचलीशी इतकं जुळतं की सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७६ मध्ये चितगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस शेजारच्या जोब्रा गावात गेले. तिथल्या बाया बांबूची स्टुलं बनवायच्या. बांबूसाठी पैसे व्यापारी द्यायचा, आणि स्टूल त्यालाच, त्याच्या भावाने घालायचं. ओळखीचं वाटतंय ना? युनूस यांनी आपल्या एका विद्यार्थिनीला गावात अशी किती माणसं आहेत त्याची यादी करायला लावली. ४२ माणसं निघाली, आणि सगळ्यांचं मिळून कर्ज ८५६ टाका, म्हणजे तेव्हाचे २७ डॉलर. त्या यादीतून पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली. (त्या धर्तीवर निघालेली आठवड्याच्या हप्त्याची कर्जं मात्र आपल्या धंद्याला बसत नाहीत. बंदीत हप्ता कुठून भरायचा?)

आता आपल्याकडे या. पेडणे तालुक्यातच विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी कला आणि वाणिज्य महाविद्यालय आहे. डिचोलीला नारायण झांट्ये कॉलेज आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आणि त्याचं बिझनेस स्कूल. युजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे पदवीच्या मुलांना इंटर्नशिप करायची असते. बरीच मुलं त्यासाठी पणजीत ऑफिसं शोधत फिरतात. त्यांना केरीच्या किनाऱ्यावर बोलवायला काय हरकत आहे?

काम दोन पातळ्यांवर आहे. एक पोर आणि एक होडी, सहा महिन्यांची वही. तारीख, मासळी, किलो, दर, कुणी घेतली, डिझेल, बर्फ, वाटे. एवढं असलं तरी बँकेतल्या माणसाला बोलायला जागा मिळते. पण आमच्या मते त्याहून मोठं काम दुसरं आहे. किसान कार्डावर एका होडीला किती रक्कम द्यायची, त्याचं माप जिल्हा पातळीवरची तांत्रिक समिती ठरवते, तेही स्थानिक खर्च बघून. त्या समितीत अनुभवी मच्छीमारांनाही घेता येतं. तिथे आपण "डिझेल महागलं हो" म्हणून चालत नाही. तीस होड्यांचा लिहिलेला खर्च कॉलेजच्या मास्तरांनी तपासून मांडला, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. एका वहीने एकाचं कर्ज होईल, तीस वह्यांनी माप बदलू शकतं.

पोरांना शिकवावंही लागेल, हे ध्यानात ठेवा. कॉमर्सच्या पुस्तकात पगार असतो, वाटा नसतो. खर्च वजा जाता होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. पोराने सगळी विक्री मालकाचं उत्पन्न म्हणून लिहिली, तर कागदावर तुम्ही श्रीमंत आणि घरात ठणठणाट. रापणीचा हिशोब तर आणखी वेगळा. आणि बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांचा हिशोब विसरू नका. घरात येणारा रोख पैसा पुष्कळदा त्यांच्या हातातून येतो, आणि तो सगळा त्यांच्या डोक्यात असतो. पोरांनी ओट्यावर बसून त्यांनाही विचारायला हवं.

"आमचा धंदा उघडा पडेल" ही भीती खोटी नाही. म्हणून कॉलेजकडून आधी लिहून घ्यायचं. वही होडीवाल्याची, ती त्याच्याच घरी राहणार. अहवालात कुणाचं नाव किंवा होडीचा नंबर नाही. अहवाल मराठीत करून आधी आपल्याला वाचून दाखवायचा, नंतर बाहेर. पूर्वी लोक येऊन फॉर्म भरून घेऊन गेले आणि पुन्हा दिसले नाहीत, असं बऱ्याच जणांनी ऐकवलंय. ते परत नको.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी होडीची नोंदणी, परवाना, आधार, पासबुक आणि डिझेलच्या पावत्या एका पिशवीत घालून ठेवा. व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्याही फेकू नका. भिजलेल्या, चुरगळलेल्या असल्या तरी चालतील. दर त्यांच्यावरच लिहिलेला असतो.