चर्मनाद (११) : नाव अरबी, मग वाद्य कुठले?

या आठवड्यात तेलाच्या ड्रमकडे वळायचे ठरले होते. तो विषय पुढे ढकलतो, कारण मागच्या लेखातल्या एका वाक्यावर दोन पत्रे आली आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट टोकाची आहेत. ‘तबला’ हा शब्द अरबी ‘तब्ल’वरून आला, एवढेच त्या वाक्यात होते. त्यावरून एका वाचकाने निष्कर्ष काढला, की मग तबला बाहेरून आला हे सरळ मान्य करावे. दुसऱ्याने भाजे लेण्यांतल्या शिल्पाचा दाखला दिला: इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मावळातल्या डोंगरात तबला कोरलेला असताना अरबी शब्दाचे काय घेऊन बसलात? निष्कर्ष उलटे असले तरी दोन्ही पत्रांमागचे गृहीत एकच आहे. वाद्याचे नाव, त्याचा आकार आणि त्याचा नाद एकाच वेळी, एकाच घरात जन्माला आले, असे दोघेही धरून चालतात. माझे म्हणणे असे, की तबल्यात या तिघांची वये वेगळी आहेत आणि ते आलेल्या वाटाही वेगळ्या आहेत. वाद्याचे कूळ ठरवताना नावाची साक्ष तर सगळ्यांत कच्ची धरली पाहिजे.

आधी नावाचेच बघू. ‘तब्ल’ हा अरबीत कोणत्याही चर्मवाद्याला चालणारा सामान्य शब्द. तोच स्पेनमध्ये ‘अताबाल’ झाला. ‘नक्कारा’ हा दुसरा अरबी शब्द आपल्याकडे ‘नगारा’ झाला आणि मध्ययुगीन इंग्रजीत ‘नेकर’. चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातही तो येतो. नेकरच्या बाबतीत नावाबरोबर वाद्यही आले, कंबरेला बांधायच्या दोन लहान नगाऱ्यांची जोडी. पण दर वेळी असे घडत नाही. युरोपीय वाद्यवृंदातल्या तांब्याच्या मोठ्या नगाऱ्यांना टिम्पनी म्हणतात. हे नाव ग्रीक ‘टिम्पनॉन’चे, आणि टिम्पनॉन म्हणजे हातात धरून वाजवायची डफासारखी चकती. टिम्पनी हे वाद्य मात्र पूर्वेकडच्या घोडदळातून आले. 1457 मध्ये हंगेरीच्या राजाचे वकील फ्रान्सला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबरचे घोड्यांवरचे प्रचंड नगारे पाहून तिथले लोक थक्क झाले होते. नाव ग्रीक म्हणून टिम्पनीला कोणी ग्रीक वाद्य ठरवत नाही. आपल्या घरचे उदाहरणही आहे. ‘मृदंग’ या नावातच माती आहे, पण आजचा कर्नाटक संगीतातला मृदंग फणसाच्या लाकडाचा असतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’मध्ये आवर्जून नोंदवले आहे, की भरतमुनींनी मृदंग या शब्दाने तीन पुष्कर वाद्ये सांगितली. म्हणजे भरतांच्या काळी तीन वाद्यांच्या संचाला लागू असणारा शब्द पुढे एका आडव्या वाद्यावर स्थिरावला. जुने नाव नव्या वाद्यावर चढते, आणि परके नाव घरच्या वाद्यावरही चढते.

आता काळाचे बघू. तबला अमीर खुसरोने निर्माण केला, पखवाजाचे दोन तुकडे करून तो बनवला, असे आजही सांगितले जाते. खुसरोचा काळ 1253 ते 1325. त्याच्या काळातला एकही पुरावा या कथेच्या बाजूने उभा राहत नाही. अनुपस्थितीवरून काही सिद्ध होत नाही, असा आक्षेप इथे येतो आणि तो योग्यच आहे. पण अनुपस्थिती कुठली, हेही पाहावे लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नगारखान्यातल्या वाद्यांचे तपशीलवार वर्णन केले, दरबारातल्या कलावंतांची नावे दिली. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्या माणसाकडे आजच्या तबल्यासारखे काही सापडत नाही. हे वाद्य खुसरोपासून चालत आले असते, तर पावणेतीनशे वर्षांत ते दिल्ली-आग्र्याच्या दरबाराच्या कानावर पडले नसते, हे पटणे कठीण आहे. याउलट अठराव्या शतकातल्या चित्रांत तबल्याची जोडी दिसू लागते, आणि त्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात काम करणाऱ्या बाल्थाझार सॉल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराने तर ती नावानिशी चितारली आहे. घराण्यांची परंपराही दिल्लीच्या सिद्धार खाँपासून, म्हणजे त्याच शतकापासून आपली वंशावळ सांगते. पखवाज कापल्याची कथा तर वाद्य समोर ठेवले की लगेच ढासळते. पखवाजाचे एकच लाकडी खोड कापून उजवा तबला कदाचित मिळेल, पण मातीचा किंवा धातूचा, वाडग्याच्या घाटाचा डग्गा त्यातून कसा निघणार?

मग तबल्याचे म्हणावे असे त्यात काय आहे? माझ्या मते शाई. एकसारख्या ताणलेल्या साध्या कातड्यावर थाप मारली, तर मूळ स्वराबरोबर उठणारे वरचे स्वर त्याच्या सुमारे 1.59, 2.14, 2.30 पट असतात. ते मूळ स्वराशी जुळत नाहीत. म्हणून साध्या ढोलाचा आवाज भरदार लागतो, पण त्यात ठाम सूर धरता येत नाही. लोहचूर्ण आणि खळ यांचे थर घोटून मधोमध शाई चढवली, की कातड्याचे वजन मध्यभागी वाढते आणि हे वरचे स्वर दुप्पट, तिप्पट अशा सरळ पटींजवळ येतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’मध्ये हे मांडले आणि 1934 मध्ये त्यावर सविस्तर प्रबंध लिहिला. या युक्तीचा माग काढत मागे गेले, तर ती अरबस्तानाकडे जात नाही. भरतांच्या नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांच्या मार्जनेसाठी, म्हणजे सूर जुळवण्यासाठी, नदीकाठची माती लावायला सांगितली आहे. ती नसेल तर गहू-जवाच्या पिठाचा लेप. शार्ङ्गदेवाच्या काळी भात आणि राख यांच्या लेपाला ‘बोहण’ म्हणत. वारकरी कीर्तनातल्या पखवाजाच्या धुमावर, म्हणजे खर्जाच्या तोंडावर, आजही कणीक लावतात. माती, भात, कणीक आणि शेवटी कायमची शाई, असा हा सलग प्रवास आहे. पुडी, गजरा, वादी, गट्टे ही उजव्या तबल्याची सारी बांधणी पखवाजाचीच, आणि अनेक बोलही तिथलेच.

यावर भाज्याचा दाखला देणारे वाचक म्हणतील, मग आमचेच खरे ठरले. तसे नाही. त्या शिल्पात नर्तकीशेजारी एक स्त्री उभी वाद्ये वाजवताना दिसते. उभ्या चर्मवाद्यांवर हातांनी वाजवण्याची पद्धत इथे दोन हजार वर्षांपूर्वी होती, एवढे त्यातून नक्की कळते आणि ते मोलाचे आहे. पण दगडात आकार कोरता येतो. कातड्यावर लेप होता की नाही आणि नाद कसा होता, हे त्यातून कळत नाही. शिवाय मधली साखळी तुटलेली आहे. शार्ङ्गदेव सविस्तर लिहितो ते पटह, मर्दल, हुडुक्का यांच्यावर; तीन पुष्करांचा तो भरतांचे मत म्हणून उल्लेख करतो. भाजे आणि अठराव्या शतकातली दिल्ली यांच्यात सलग वारसा दाखवता आला नाही, तर साम्य हे साम्यच राहते.

पहिल्या पत्रातही तथ्याचा एक अंश आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक लहान, एक मोठे अशी दोन सुटी वाद्ये समोर उभी मांडायची, त्यांतले खर्जाचे वाडग्याच्या घाटाचे ठेवायचे, ही मांडणी नगाऱ्याच्या जोडीची आहे. गोंधळ्यांच्या संबळातही ती दिसते. नगारा आणि संबळ टिपऱ्यांनी वाजतात, त्यांच्या वरच्या कातड्यावर शाईचे काळे वर्तुळ नसते. अठराव्या शतकात कोणीतरी, बहुधा अनेकांनी, या मांडणीवर पखवाजाची पुडी आणि बोटांची भाषा चढवली. 1974 मध्ये रिबेका स्ट्यूअर्ट यांनी आपल्या प्रबंधात तबल्याचा असा संकर पखवाज, नगारा आणि ढोलक यांच्यातून झाल्याचे मांडले, आणि वाद्याची रचना पाहता मला तेच सर्वांत पटते. नाव अरबी, मांडणी नगाऱ्याची, नाद मृदंगाचा आणि घडण अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानची, हे उत्तर कोणत्याच बाजूला पूर्ण विजय देत नाही. पण प्रत्येक पुराव्याला त्याची योग्य जागा देते. उद्या शाईची काळी वर्तुळे स्पष्ट दिसणारी उभी जोडी एखाद्या पंधराव्या शतकातल्या चित्रात सापडली, तर या उत्तरातले शतक मी आनंदाने बदलेन. शब्दकोशातली नवी व्युत्पत्ती मात्र त्यासाठी पुरणार नाही. डग्ग्याची शाई मधोमध न बसता एका बाजूला का सरकली, हा प्रश्न याच वादातून निघतो आणि त्याला एक पूर्ण लेख लागेल; पुढच्या आठवड्यात तोच घेऊ.