निरोपालाही वेळापत्रकात जागा हवी

परदेशी मिशनकार्याला निघालेल्या अमेरिकी कुटुंबातल्या मुलाचा दिवस गच्च भरलेला असतो. घरीच शाळा, नव्या भाषेचा धडा, रविवारी मदत देणाऱ्या चर्चना भेटी. लसी आल्याच, युगांडाला जायचं तर पीतज्वराची लस किमान 10 दिवस आधी हवी. माझ्या मते या धावपळीत पहिला हक्क निरोपाचा. समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी 1950च्या दशकात भारतातल्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हापासून अशा मुलांवर बरंच लिहिलं गेलं. आत दाबलेलं दुःख मोठेपणी डोकं वर काढतं, हे डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांनी सविस्तर मांडलं. म्हणूनच निघण्यापूर्वी भांडणं मिटवा, आभार माना, माणसांचा, जागांचा, अगदी कुत्र्यामांजरांचाही निरोप घ्या, असं पोलॉक सुचवत.

‘मुलं पटकन रुळतात’ हा आक्षेप ठरलेला. भाषेपुरता तो बराचसा खराही आहे, पण उच्चार जमले म्हणून आजी मागे राहिल्याचं दुःख सरत नाही. वेळ कुठून आणायचा म्हणाल, तर भाषेच्या धड्यातून. भाषा तिथल्या पोरांशी खेळताना येईलच. मागे राहणाऱ्या मित्राबरोबरची संध्याकाळ मात्र निघण्याआधीच मिळू शकते.