आभासी जगाचा दरवाजा : संगणकाचा यूएसबी पोर्ट

मनुष्याचे दोन डोळे एकाच वस्तूकडे किंचित् निरनिराळ्या बाजूंनीं पाहतात, आणि त्या दोन चित्रांतील अल्प भेदावरून मेंदूस वस्तूच्या खोलीचें ज्ञान होतें. हें तत्त्व इंग्लंडांत चार्ल्स व्हीटस्टन यानें १८३८ सालीं आपल्या स्टिरिऑस्कोप नामक साध्या उपकरणानें दाखवून दिलें. पुढें १९६८ मध्यें अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यानें डोक्यावर चढविण्याचें दर्शक यंत्र संगणकास जोडलें. आज ज्यास आपण व्ही. आर. हेडसेट म्हणतों, तो याच वंशांतील होय. डोकें वळविलें कीं समोरचें चित्रहि वळतें, आणि पाहणारा आपण खोलींत बसलों आहों हें विसरून जातो.

या हेडसेटची गोडी आतां डोंगरांतहि पोंचली आहे. आमच्या वसतिगृहांत सेमाडोह, हरिसाल व धारणी या बाजूचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. हरिसाल हें गांव २०१६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्यानें ‘डिजिटल गांव’ म्हणून प्रसिद्धीस आलें, तेव्हांपासून संगणक ही त्या बाजूस अगदींच अपूर्व वस्तु राहिली नाहीं. सेमाडोहच्या एका विद्यार्थ्यानें मला मोठा मार्मिक प्रश्न विचारला : “सर, आमच्या गांवीं असलेल्या संगणकाला हेडसेट जोडला, तर तो चालेल कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच कळण्याचा कांहीं उपाय आहे काय?” ज्या घरांत तेंदूपत्ता व मोहफुलें यांच्या पैशांतून मुलाची फी येते, त्या घरच्या मुलानें हा प्रश्न विचारावा यांत नवल नाहीं. हेडसेटची किंमत हजारों रुपये. आणि तो घेऊन सिपना नदीच्या कांठीं गेल्यावर ‘हा संगणक चालत नाहीं’ असें कळलें, तर दुकानदाराकडे परत येण्यास घटांगचा घाट उतरून परतवाड्यापर्यंत, किंवा त्याहिपुढें अमरावतीपर्यंत यावें लागतें. तो प्रश्न अनेकांच्या उपयोगाचा असल्यामुळें त्याचें उत्तर येथें सविस्तर देत आहें.

प्रथम एक भेद ध्यानीं घ्यावा. कांहीं हेडसेटांच्या पोटांतच लहानसा संगणक असतो. मेटा कंपनीचा ‘क्वेस्ट’ हा त्यांपैकीं एक. तो स्वतःच्या बळावर चालतो, व साधे शैक्षणिक चित्रपट किंवा प्रयोग पाहावयाचे असतील तर त्यास संगणकाची गरज नाहीं. परंतु भारी चित्रें, मोठीं सादृश्य-यंत्रें किंवा स्वतः तयार केलेला कार्यक्रम चालवावयाचा असेल, तर तो केबलीनें संगणकास जोडतां येतो, आणि येथेंच यूएसबी पोर्टाचा प्रश्न उभा राहतो.

यूएसबी ही जोडणी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. ती सिद्ध करणाऱ्या इंटेल कंपनीतील मंडळींत अजय भट्ट हे प्रमुख होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें म्हणून सांगतों. त्यापूर्वीं कळफलकास एक, छपाईयंत्रास दुसरें, अशीं प्रत्येक उपकरणास निराळीं तोंडें असत. तीं सर्व एका तोंडांत आणावीं, हा या योजनेचा हेतु. हेतु सफल झाला खरा, पण तोंडाचा आकार एक ठेवून आंतील वेग मात्र पिढीगणिक बदलत गेला, आणि आजचा सर्व गोंधळ त्यांतूनच उत्पन्न झाला आहे.

२००० सालच्या यूएसबी २.० चा वेग सेकंदास ४८ कोटी बिट होता. २००८ सालच्या यूएसबी ३.० नें तो ५०० कोटींवर नेला, व २०१३ च्या ३.१ नें १००० कोटींवर. हे आंकडे कशास हवेत, तें एका हिशोबानें पाहूं. २०१६ सालीं बाजारांत आलेल्या ‘ऑक्युलस रिफ्ट’मध्यें प्रत्येक डोळ्यासमोर आडवे १०८०, उभे १२०० ठिपके होते. दोन्ही डोळ्यांचे मिळून २५,९२,००० ठिपके झाले. चित्र सेकंदास ९० वेळां बदलावयाचें, व प्रत्येक ठिपक्याचा रंग २४ बिटांनीं सांगावयाचा; गुणाकार केला म्हणजे सेकंदास सुमारें ५६० कोटी बिट होतात. यूएसबी ३.० ची सारी शक्तिहि यास पुरत नाहीं. कारण तिच्या ५०० कोटींपैकीं पंचमांश भाग संकेतांच्या बांधणींतच खर्च होतो व प्रत्यक्ष ४०० कोटीच हातीं राहतात. म्हणून रिफ्टचें चित्र एचडीएमआय नामक निराळ्या तारेनें जात असे, आणि यूएसबीकडे डोक्याची हालचाल कळविण्याचें काम असे.

हें दुसरें काम क्षुल्लक समजूं नये. परतवाड्याहून सेमाडोहास जाणाऱ्या एस. टी. गाडींत पुस्तक उघडून बसणाऱ्यास थोड्याच वेळांत मळमळूं लागतें. कारण कान सांगतो कीं शरीर वळत आहे, आणि डोळा सांगतो कीं पान स्थिर आहे. हेडसेटमध्यें डोकें वळल्यावर चित्र उशीरा वळलें, तर तोच विरोध उत्पन्न होतो. विलंब सेकंदाच्या सुमारें वीस सहस्रांशांहून अधिक नसावा, असें या विषयांतील जाणते धरतात. अर्थात् पोर्ट मंद असला किंवा मधूनमधून तुटत असला, तर केवळ चित्र बिघडून भागत नाहीं. पाहणाऱ्याचें डोकेंहि फिरतें.

प्रत्येक हेडसेटची मागणी वेगळी, हें येथें सांगितलें पाहिजे. रिफ्टचे पहारेकरी कॅमेरे टेबलावर असत व प्रत्येकास स्वतंत्र पोर्ट लागे. म्हणून कंपनी तीन यूएसबी ३.० व एक २.० पोर्ट असावेत असें सुचवीत असे. त्याच वर्षींच्या ‘एचटीसी व्हाइव्ह’चे दीपस्तंभ संगणकास जोडावे लागत नसत, म्हणून त्यास एक २.० पोर्ट पुरे. क्वेस्ट जोडतांना तर एचडीएमआयची तार नसतेच; संगणक चित्र दाबून, लहान करून यूएसबीतूनच धाडतो. ही सोय २०१९ च्या अखेरीस निघाली तेव्हां ३.० पोर्ट आवश्यक होता. २०२० पासून २.० वरहि ती चालूं लागली. तरी माझें मत असें, कीं जेथें निवड आपल्या हातीं आहे तेथें ३.० च घ्यावा.

आतां पोर्ट ओळखावयाचा कसा? जुन्या चौकोनी तोंडाच्या आंत जी प्लॅस्टिकची जीभ असते, ती निळी असल्यास बहुधा ३.० समजावा, काळी किंवा पांढरी असल्यास बहुधा २.०. बहुधा म्हणण्याचें कारण, रंग हा नियम नसून रिवाज आहे, व कित्येक लॅपटॉपांत ३.० पोर्टहि काळेच असतात. शेजारीं ‘एसएस’ अशीं अक्षरें कोरलेलीं आढळलीं तर तो वेगवान् पोर्ट होय. आंत टॉर्चच्या उजेडांत पाहिल्यास २.० मध्यें चार पितळी पट्ट्या दिसतात, ३.० मध्यें त्यांच्या मागें आणखी पांच असतात. २०१४ पासून प्रचारांत आलेलें लंबगोल तोंड, ज्यास टाइप-सी म्हणतात, तें मात्र वेगाविषयीं कांहींच सांगत नाहीं. त्याच्या मागें ४८ कोटीहि असूं शकतात व १००० कोटीहि. नांवांचा घोळ तर विचारूंच नये. एकाच ५०० कोटींच्या जोडणीस प्रथम ३.०, मग ३.१ जेन १, आणि त्यानंतर ३.२ जेन १ अशीं नांवें मिळालीं. विक्रेता ‘३.२ आहे’ असें अभिमानानें सांगूं लागला, तर सेकंदास किती बिट, एवढेंच विचारावें.

डोळ्यांच्या परीक्षेवर न थांबतां प्रत्यक्ष परीक्षा करावी, आणि तिला हेडसेट लागतच नाहीं. कोणाकडून यूएसबी ३.० चा, चांगल्या वेगाचा पेन ड्राइव्ह मागून आणावा. त्यांतील एक मोठी फाइल, म्हणजे दोनतीन गिगाबाइटांचा चित्रपट, संगणकांत उतरवून घ्यावी व पडद्यावर वेग पाहावा. २.० पोर्ट सेकंदास तीस-चाळीस मेगाबाइटांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. आंकडा शंभराच्या वर गेला, तर पोर्ट ३.० चा असून नीट चालत आहे याविषयीं शंका नको. पेन ड्राइव्ह अगदीं सावकाश, अर्धाअर्धा करून घालूं नये. पुढच्या चार पट्ट्या आधीं टेंकल्यास संगणक त्यास कधीं कधीं २.० समजून बसतो. एका दमांत, सरळ घालावा.

परीक्षेंत पोर्ट नापास झाला तर लगेच निराश होऊं नये. विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी कंट्रोलरांच्या यादींत ‘एक्सएचसीआय’ किंवा ‘एक्स्टेन्सिबल होस्ट कंट्रोलर’ असें नांव आहे काय तें पाहावें. तें असल्यास संगणकांत ३.० ची सामुग्री आहे. त्यापुढें पिवळें उद्गारचिन्ह असल्यास ड्रायव्हर बिघडलेला आहे, व तो संगणक-कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घ्यावा लागेल. विंडोज ७ मध्यें ३.० चा ड्रायव्हर मूळचा नव्हताच. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो अंगभूत आला. शाळांना देणगी म्हणून मिळणाऱ्या जुन्या संगणकांत हीच अडचण वारंवार आढळते. देणाऱ्याचा हेतु स्तुत्य असला तरी चालवावयाचें कसें, याचा विचार घेणाऱ्यावरच पडतो.

याच ठिकाणीं आणखी एक शत्रु दडलेला असतो. वीज वांचविण्यासाठीं विंडोज स्वस्थ बसलेल्या पोर्टास झोपवितें, आणि हेडसेट मध्येंच काळा पडतो. ‘रूट हब’च्या गुणधर्मांत वीज-व्यवस्थेखालीं, संगणकास हें उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी जी खूण असते, ती काढून टाकावी; तसेंच पॉवर ऑप्शन्समधील ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावें.

विजेचा हिशोबहि निराळा आहे. २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतो, ३.० चा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. क्वेस्टसारखा हेडसेट याहून अधिक वीज खातो, त्यामुळें केबल लावलेली असूनहि त्याची बॅटरी हळूहळू उतरत जाते. हा पोर्टाचा दोष नव्हे. वर्ग सुरू होण्यापूर्वीं हेडसेट पूर्ण भरून ठेवावा. जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, तेथें लॅपटॉपहि भरलेला असावा.

एका पोर्टाचे चार करणारा स्वस्त हब मध्यें घालणें मला मुळींच पसंत नाहीं. चारहि उपकरणें एकाच वाटेनें जातात. वाट रुंद होत नाहीं, गर्दी मात्र होते. टेबलावरच्या संगणकाच्या पुढील बाजूचे पोर्ट आंतून एका लांब तारेनें मदरबोर्डास जोडलेले असतात, व ती तार कधीं सैल तर कधीं जोडलेलीच नसते. म्हणून हेडसेट नेहमीं मागच्या पोर्टांत लावावा. पोर्ट अपुरे असल्यास अशा संगणकांत पीसीआय एक्सप्रेसचें यूएसबी कार्ड बसवितां येतें. लॅपटॉपास हा उपाय नाहीं.

केबलीविषयीं मात्र विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण पोर्टावर घातले जाणारे निम्मे आरोप खरें पाहतां केबलीचे असतात. क्वेस्टबरोबर पेटींत येणारी तार चार्जिंगची असून तिचा वेग २.० चाच असतो. मोबाइलच्या बहुतेक टाइप-सी तारांचीहि तीच गत. दोन्ही टोकें तशींच दिसतात, पण आंत वेगाच्या जोड्या घातलेल्याच नसतात. शिवाय ३.० ची साधी तांब्याची तार सुमारें तीन मीटरांपलीकडे भरंवशाची राहत नाहीं. ऑक्युलसनें आपली पांच मीटरांची तार काढली तेव्हां ती तांब्याऐवजीं प्रकाशतंतूंची केली, तें याच कारणास्तव. लहानशा खोलींत तीन मीटर पुष्कळ होतात. तार कोठून कोठवर जाणार तें आधीं दोरीनें मोजून पाहावें.

एक विचित्र गोष्ट जातांजातां सांगतों. ३.० पोर्ट व त्याची तार चालूं असतांना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास सूक्ष्म रेडिओ-गोंगाट उत्पन्न करतात. इंटेलनें २०१२ मध्यें स्वतःच हें प्रसिद्ध केलें. बिनतारी माउसचा लहान तुकडा निळ्या पोर्टाशेजारीं लावल्यास माउस अडखळतो, तें यामुळें. तो दूरच्या पोर्टांत हलवावा.

हेडसेट हातीं आल्यावर अखेरची परीक्षा मेटाच्या संगणकावरील लिंक-ॲपमध्येंच दिलेली आहे : उपकरणांच्या यादींतून हेडसेट निवडून ‘यूएसबी टेस्ट’ चालवावी, म्हणजे केबल व पोर्ट मिळून प्रत्यक्ष किती वेग देतात तें आंकड्यांत दिसतें. तार २.० ची निघाल्यास तसा शेराहि येतो. ही परीक्षा प्रत्येक पोर्टावर करून उत्तम पोर्टाजवळ रंगाचा एक ठिपका लावून ठेवावा. मेळघाटांतील पावसाळा दमट. जून ते सप्टेंबर तोंडांतील पट्ट्यांवर गंज चढण्याची भीति असते, म्हणून न वापरलेले पोर्ट रबरी टोपणानें झांकावेत, आणि पावसाळा संपल्यावर ठिपका लावलेल्या पोर्टाची परीक्षा पुन्हां एकदां घ्यावी.