‘नॉर्मल’ असल्याचे सर्टिफिकेट

काही महिन्यांपूर्वी तिशीतला एक तरुण दवाखान्यात आला. तक्रारी नेहमीच्याच. रात्री झोप नाही, छातीत धडधड, जेवल्यावर जळजळ. रक्तदाब १५०/१००. ईसीजी काढला, साखर पाहिली, थायरॉइड तपासले. सारे व्यवस्थित. मी गोळ्या दिल्या, मीठ आणि चहा कमी करायला सांगितले. पंधरा दिवसांनी स्वारी पुन्हा हजर, तक्रारी त्याच.

शेवटचा पेशंट गेल्यावर त्याला बसवून घेतले. म्हटले, “अरे, मनात काय आहे ते बोल.” बराच वेळ तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “डॉक्टर, मला सर्टिफिकेट पाहिजे. मी नॉर्मल आहे असं लिहून द्या. साहेबांनी मागितलंय.”

हा मुलगा एका खासगी पेढीत हिशेब लिहितो. तो समलिंगी आहे, हे एका सहकाऱ्याला कळले आणि आठवड्याभरात सगळ्या ऑफिसला. डबा खायला शेजारी कोणी बसेना. मालकांनी बोलावून सांगितले, “डॉक्टरचा दाखला आण, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस.” घरी आई, धाकटी बहीण, आणि पगार एकट्याचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि त्याला विचारूनच लिहितो आहे.)

वाचकहो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. तेव्हा मी ऐटीत सांगितले होते, “लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल.” लग्न झाले. ठीक काहीच झाले नाही. पुढे त्याची बायकोही डोकेदुखी आणि निद्रानाश घेऊन माझ्याकडेच येऊ लागली. माझ्या एका वाक्याने दोन आयुष्ये नासली, हे कळायला मला फार उशीर लागला.

हा आजार नाही

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळले. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हेच स्पष्ट केले. औषध, शॉक, मारझोड किंवा लग्न यांनी ती ‘बरी’ होत नाही, कारण बरे करण्यासारखे त्यात काही नसते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असले उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

मग या मुलाला झाले होते काय? त्याला झाली होती धास्ती. वाघ समोर आला की शरीर पळायची तयारी करते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, पचन मंदावते. वाघ गेला की सारे पूर्ववत होते. पण वाघ रोज सकाळी दहा ते सहा समोरच्या टेबलावर बसलेला असेल, तर शरीराने काय करावे? मग झोप उडते, पोट बिघडते, कोणी तंबाखू वाढवतो, कोणी बाटली जवळ करतो. काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येतात.

एका मराठीच्या प्राध्यापकाची गोष्ट

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. स्वतः कवी. निवृत्ती काही महिन्यांवर आलेली. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे त्यांच्या राहत्या घरात कॅमेरा घेऊन घुसली आणि एका पुरुषासोबत त्यांचे चित्रीकरण केले. घुसखोरी झाली त्यांच्या घरात, आणि निलंबितही तेच झाले. राहते घर सोडायला सांगितले गेले. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ते जिंकले होते. पण ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत त्यांचा मृतदेह सापडला. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट निघाला. न्याय मिळाला, तरी तो माणसाची उमेद टिकून आहे तोवर मिळायला हवा, हे मला या प्रकरणातून उमगले.

कायदा काय म्हणतो?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. लैंगिक कलावरून भेदभाव करणे हे घटनेतील समतेच्या हक्काविरुद्ध आहे, असेही सांगितले. सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असा अन्याय झाला, तर या आधारावर उच्च न्यायालयात दाद मागता येते.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. भरती, बढती आणि नोकरीच्या इतर बाबींत भेदभाव करायला त्यात मनाई आहे, आणि ती खासगी आस्थापनांनाही लागू आहे. तक्रारी ऐकण्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक अधिकारी नेमायचा असतो. तरीही दोन खासगी शाळांतली नोकरी गमावलेल्या एका तृतीयपंथी शिक्षिकेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला भरपाई मंजूर झाली.

माझा पेशंट मात्र या दोन्हींच्या मधल्या फटीत सापडला होता. तो समलिंगी, आणि नोकरी खासगी. अशा कर्मचाऱ्याला या कारणावरून काढू नये, असे थेट सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. त्याला सर्वसाधारण कामगार कायद्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अशी वेळ आली तर

१. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. कोऱ्या कागदावर सही तर मुळीच करू नका.

२. कोण, कधी, काय बोलले हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. नेमणुकीचे पत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवा.

३. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे सल्ला मिळतो, पात्र व्यक्तींना मोफत वकीलही मिळतो. फोन १५१००.

४. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आजच डॉक्टरांना भेटा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

५. डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गुप्त राखणे हे त्यांचे कर्तव्य आहे. मालकाने फोन केला तरी.

मालकांचा फोन मलाही आला. “त्याला नेमके काय आहे?” मी म्हटले, “पेशंटविषयी मी बोलत नसतो. दाखला पाठवतो.” नॉर्मल असल्याचे सर्टिफिकेट मी दिले नाही. ते कोणाला देता येत नाही, मलासुद्धा नाही. मी एवढेच लिहिले : ‘सदर व्यक्ती तिचे काम करण्यास शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम आहे.’

तो अजून त्याच नोकरीत आहे. डबा एकटाच खातो. परवा रक्तदाब १३४/८६ होता. उरलेला रक्तदाब माझ्या गोळीने उतरायचा नाही. शेजारच्या टेबलावरच्या कोणी तरी आपला डबा घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसायला हवे.