सहल कोणत्या गावाला?

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की महिनाभरात पोर घरी एक कागद घेऊन येते. वर शाळेचे नाव, त्याखाली 'शैक्षणिक सहल', मग रक्कम, तारीख आणि पालकांच्या सहीसाठी एक रेघ. कागद बहुधा इंग्रजीत असतो, नाही तर कन्नडमध्ये. घरात तो एकाला वाचता येतो, दुसऱ्याला नाही. पण रक्कम मात्र सगळ्यांना वाचता येते. आई ती वाचून बाबांकडे बघते, बाबा कॅलेंडरकडे बघतात आणि पोर दोघांकडे.

पोराचे म्हणणे ठरलेले असते. वर्गातले सगळे जाणार आहेत आणि मला वॉटर पार्कच बघायचा आहे. बंगळूरजवळ बिडदीला २००५ मध्ये 'वंडरला' सुरू झाले, खोपोलीजवळ २०१३ मध्ये 'इमॅजिका' आले, आणि आपल्याकडच्या शाळांच्या सहलींची दिशाच बदलली. पूर्वी सहल म्हटले की बदामी-ऐहोळे, हंपी, विजापूरचा गोल घुमट, नाही तर पन्हाळा-जोतिबा. आता हंपी रस्त्यात लागली तर बघायची आणि मुख्य कार्यक्रम पाळण्यांचा. शाळेच्या गटासाठी असली पार्के वेगळे दर देतात, एखाद्या शिक्षकाचे तिकीट सोडतात, जेवणाचीही सोय लावतात. मुख्याध्यापकांना ते सोपे पडते. त्यात वाईट काही नाही. पोरांनी वर्षातून एक दिवस ओरडावे, भिजावे, घसरावे. पण मग त्या कागदावर 'शैक्षणिक' हा शब्द कशाला, एवढेच आमचे म्हणणे.

खरे तर तोही शब्द खरा करता येतो. रोलर कोस्टरचा पहिला चढ सगळ्यात उंच का आणि पुढचे सगळे त्याहून बुटके का, हे नववीच्या पोराला तिथे उभे करून विचारले तर ऊर्जेचा धडा त्याला जन्मभर विसरता येणार नाही. गाडीला पुढे कुठे इंजिन नसते. वर चढवून जी ऊर्जा दिली तीच पुरवून पुरवून वापरायची असते आणि घर्षणात थोडी थोडी जात असते. पण हा प्रश्न विचारायला विज्ञानाच्या बाई बरोबर हव्यात आणि त्यांनी आदल्या आठवड्यात वर्गात फळ्यावर तो चढ काढलेला हवा. एरवी ते फक्त पोटात गोळा येणे. शिवाय मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. पाचवी-सहावीची पोरे तिथे दारातच मापली जातात आणि बुटकी पोरे कठड्याला टेकून बाकीच्यांच्या चपला सांभाळतात. बेळगावहून पाचशे किलोमीटर रात्रभर बसून गेल्यावर चपला सांभाळायच्या!

आणखी एक गोष्ट शाळा मोठ्याने बोलत नाहीत. रक्कम वाढली की गळती होते. पन्नासांच्या वर्गातली दहा-बारा पोरे 'मला बस लागते', 'आमच्याकडे लग्न आहे' असे सांगून मागे राहतात. त्यातल्या किती जणांना खरेच बस लागते हे वर्गशिक्षकांना चांगले ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी बाकीचे टोप्या घालून, गाणी म्हणत येतात आणि ही पोरे पुढचे चार दिवस दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकतात. म्हणून ठिकाण ठरवण्याआधी रक्कम ठरवावी. वर्गातल्या सगळ्यात ओढगस्तीच्या घराला जेवढी झेपेल तेवढी धरावी आणि तेवढ्यात बस कुठवर जाते ते बघावे.

तेवढ्यात ती बऱ्याच चांगल्या ठिकाणी जाते. आपले भाग्य असे की बेळगावच्या दोन्ही बाजूंना, एकाच महामार्गावर, एकेक नकली गाव वसलेले आहे. उत्तरेला कोल्हापूरच्या अलीकडे कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन म्युझियम. दक्षिणेला हुबळीच्या पुढे, हावेरी जिल्ह्याच्या शिग्गाव तालुक्यात गोटगोडीचे 'उत्सव रॉक गार्डन'. पहिले साधारण शंभर किलोमीटरवर, दुसरे आणखी तीसेक किलोमीटर लांब. दोन्हीकडे पाळणे नव्हेत, माणसे मुख्य. सिमेंटची, रंगवलेली, माणसाच्या उंचीची.

कणेरीला मोकळ्या जागेत जुन्या गावाचे प्रसंग मांडले आहेत. कुंभार चाकावर बसला आहे, लोहाराचा भाता चालू आहे, न्हाव्यासमोर गिऱ्हाईक मान खाली घालून बसले आहे. बारा बलुतेदारांची सगळी उतरंड चालत चालत बघता येते. पुतळे इतके जिवंत की लहान पोरे पहिल्या पाच मिनिटांत एखाद्याला तरी 'काका' म्हणून हाक मारतातच. मठ काडसिद्धेश्वरांच्या परंपरेचा, भक्त दोन्ही भाषांचे. घरी कन्नड बोलणाऱ्या पोराला त्या नावातले 'काडु' म्हणजे रान हे सांगावे लागत नाही. मराठी पोराला त्याने सांगावे.

गोटगोडीचे शिल्प-उद्यान कलावंत टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून उभे राहिले. ते चित्रकार, शिल्पकार आणि उत्तर कर्नाटकातल्या दोड्डाट या लोकनाट्याचे जाणकारही. २०२० मध्ये ते गेले. उत्तर कर्नाटकाचे खेडे, तिथली घरे, कारागीर, जनावरे असे सगळे त्यांनी उभे केले. डॉ. राजकुमार यांच्या चित्रपटांतल्या भूमिकांचे पुतळेही एका जागी आहेत. पोरांबरोबर आजी-आजोबा असते तर त्यांचे पाय तिथून निघाले नसते. वेळ राहिला तर त्याच तालुक्यात कनकदासांचे जन्मगाव बाड आहे आणि शिशुनाळ शरीफांचे शिशुनाळही. तिन्ही गोष्टी एका दिवसात कोंबू नयेत. दोन पुरे.

आता या दोन गावांचा खरा उपयोग आपल्यासारख्या दुभाषी घरांतल्या पोरांना आहे, असे आम्हाला वाटते. आपल्या शाळेची हजेरी घ्या. सुतार आहे आणि बडिगेरही आहे. लोहार आहे, कम्मार आहे. कुंभार आणि कुंबार शेजारी शेजारी बसतात, सोनार आणि पत्तार एका बाकावर, तेली आणि गाणिगेर एकाच कबड्डीच्या संघात. ही जोडीजोडीने एकाच कामाची नावे आहेत, हे वर्षभर 'प्रेझेंट सर' म्हणणाऱ्या पोरांच्या डोक्यातही आलेले नसते. मराठी गावात बलुतेदार, कन्नड गावात आयगार. तिकडे बलुते, इकडे आय; म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारा धान्याचा वाटा. गणती दोन्हीकडे बाराचीच. पाटील आणि कुलकर्णी तर दोन्हीकडे तेच, भाषांतराची गरजच नाही.

अवजारांतही हीच गंमत. नांगराला नेगिलु, सुपाला मोर, उखळाला ओरळु. खळ्याला कण, बैलगाडीला चक्कडी. मुसळाला ओनके म्हणतात हे सांगितले की कन्नड माध्यमाची पोरे लगेच ओरडतात, 'ओनके ओबव्वा!' चित्रदुर्गाच्या किल्ल्यावर मुसळ घेऊन उभी राहिलेली ती ओबव्वा. मराठी माध्यमाच्या पोरांना ती माहीत नसते, आणि मुसळ हातात धरलेले दोघांनीही नसते. तेव्हा सहलीआधी एक साधा कागद करावा. तीन रकाने: वस्तू, मराठीत काय, कन्नडमध्ये काय. पहिला रकाना बाईंनी भरावा, बाकीचे दोन पोरांनी घरी विचारून. एक आजी एका भाषेची, दुसरी दुसऱ्या, असे घर असले तर त्या पोराची त्या आठवड्यात वर्गात चलती असते.

याहून पुढची एक सूचना आहे, ती काही मुख्याध्यापकांना पटणार नाही. सीमाभागात कितीतरी गावांत मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच आवारात भरतात, मधे फक्त एक मैदान. दोघांच्या सहली वेगळ्या का? चाळीस-पन्नास आसनांच्या बसमध्ये दोन्हीकडची सातवी बसवावी. खर्च वाटला जाईल आणि कागद भरायला शेजारचाच माणूस मिळेल. कणेरीला जाताना मराठी पोरांनी सांगावे, गोटगोडीला कन्नड पोरांनी.

तरी एक मात्र शिक्षकांनी विसरू नये. दोन्हीकडचे सिमेंटचे गाव फार समाधानी आहे. कुणी कुणाशी भांडत नाही, सावकाराची वही दिसत नाही, दुष्काळ पडत नाही. गाव दाखवायचे म्हणून ते छान दाखवले, ते ठीक. पण विहीर आली की बाईंनी थांबावे आणि पोरांना विचारावे, या विहिरीवर कुणाला पाणी भरता येत होते? कुणाला लांब उभे राहावे लागे? महाडचा १९२७ चा सत्याग्रह पाठ्यपुस्तकात वाचून मार्क मिळतात. त्या काठाशी तो पोरांना कळतो. बलुत्याचा वाटा कुणाला किती, कुणाचे घर गावात आणि कुणाचे गावाबाहेर, हेही विचारावे. प्रश्न अवघडच आहेत. वर्गात त्या त्या घरची पोरे बसलेली असतात, म्हणून जपून विचारावेत, पण टाळू नयेत.

आता रस्त्याचे. इथे आम्ही थोडे कडक बोलणार आहोत.

एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. गाव अजून ते विसरलेले नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या पोरांची बोट उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातून आलेल्या चार शाळकरी मुली बुडाल्या. यातल्या एकाही सहलीच्या कागदावर 'धोका' असे लिहिलेले नव्हते. समुद्र, तलाव, बोट हे बहुधा कार्यक्रमात शेवटी, 'जाता जाता' म्हणून येते. पोरे हट्ट करतात, सर म्हणतात दहाच मिनिटे. कार्यक्रमात पाणी लिहिलेले नसेल तर पाण्यात पाय घालायचा नाही, आणि लिहिलेले असेल तर प्रत्येकाच्या अंगात जॅकेट चढल्याशिवाय बोट हलवू द्यायची नाही. वॉटर पार्कमध्येही हेच. तिथे जीवरक्षक असतात, पण आपली पन्नास पोरे मोजायचे काम त्यांचे नव्हे.

दुसरा धोका आपल्याकडचा खास. दिवाळीनंतर निपाणी-चिकोडी-कागल पट्ट्यात उसाचा हंगाम जोरात असतो. सहलींचा हंगामही तोच. अंधार पडला की दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर महामार्गावर येतात, मागे लाल दिवा असला तर असला. तवंदीच्या घाटात उतारावर समोर असा ट्रॅक्टर आला तर चालक कितीही चांगला असो. म्हणून कणेरीची सहल पहाटे सहाला निघावी आणि दिवेलागणीला बेळगावात हवी. गावोगावची पोरे असतील तर आणखी तासभर आधी. गोटगोडी लांब आहे, तिथून तीनच्या ठोक्याला निघावे. परतीला 'एवढे देऊळ बघून जाऊ' हे बंद.

महाराष्ट्रात जायचे तर खासगी बसचा परवाना आणि चालकाचे कागद आधी बघून घ्यावेत, कोगनोळी नाक्यावर नव्हे. आणि सीमेवर काही झाले की पहिली थांबते ती बस, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा थांबल्या. पोरांचा त्यात काय दोष? पण तयारी असावी. कणेरी ठरवले असेल तर गोटगोडीलाही आधी फोन करून ठेवावा, म्हणजे आयत्या वेळी बस दुसऱ्या दिशेला वळवता येते. दोन्हीकडचे शाळेसाठीचे दर आणि सुट्टीचा दिवस त्याच फोनवर विचारून घ्यावेत.

बाकी गोष्टी आयांना आमच्याहून जास्त कळतात. पंधरा पोरांमागे एक मोठे माणूस, मुली असतील तर बाई हवीच. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाचे औषध कोणाच्या पिशवीत, हे पत्र्याच्या डब्याइतके ठळक लिहिलेले असावे. बस लागणाऱ्यांना पुढच्या सीटा. स्वच्छतागृह कुठे आहे हे निघण्याआधी ठरवावे. ढाब्यावर थांबून शोधू म्हटले की मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

आणि तो सहीचा कागद. तो दोन्ही भाषांत छापावा, एका बाजूला मराठी, पाठीमागे कन्नड. झेरॉक्सला तेवढाच खर्च येतो. त्यावर बसचा नंबर, निघण्याची आणि परतायची वेळ, बरोबरच्या शिक्षकांचे फोन आणि पाण्याचा कार्यक्रम आहे की नाही हे असावे. नसेल तर सही करण्याआधी पालकांनी शाळेत जाऊन विचारावे. सर रागावतील कदाचित, पण सांगतील. कागद घरात जिला वाचता येत नाही तिला पोराकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याच बैठकीत तीन रकान्यांचा तो दुसरा कागदही पुढे करावा. मुसळाला आजीच्या माहेरी आणखी कुठले नाव निघाले तर चौथा रकाना आखायला जागा सोडलेली बरी.