मुळशीचे औषध जपानच्या दारी

मुळशी तालुका म्हटला की पुणेकरांच्या मनासमोर धो धो पाऊस, धरण आणि आंबेमोहोराची खाचरे उभी राहतात, आणि मौजे जांबे व मारुंजीच्या शेजारी हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या इमारती उठल्यापासून त्या चित्रात आणखी एक भर पडली आहे. परंतु याच तालुक्यात, नांदे येथे लुपिन कंपनीचे संशोधनकेंद्र आणि घोटवडे येथे तिचा जैवऔषधांचा विभाग आहे, आणि या विभागात सिद्ध झालेले एटानरसेप्ट हे संधिवातावरील औषध 2019 साली जपानच्या व 2020 साली युरोपच्या मान्यतेस उतरले, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या बोलण्यात येते.

या यशाचे मूळ 1972 साली अमलात आलेल्या पेटंट कायद्यात आहे. औषधी द्रव्यावर कोणाचाही मक्ता राहणार नाही, हक्क मिळेल तो केवळ ते बनविण्याच्या रीतीवर आणि तोही थोड्या मुदतीचा, अशी तजवीज त्या कायद्याने केली; त्यामुळे तेच द्रव्य निराळ्या वाटेने घडविण्याची विद्या आपल्या रसायनज्ञांनी हस्तगत केली. देशबंधू गुप्ता यांनी 1968 साली मुंबईत स्थापन केलेली लुपिन क्षयरोगावरील औषधांच्या बळावर वाढली. आणि 2001 साली सिप्ला या भारतीय कंपनीने एड्सवरील त्रिविध औषधांचा वर्षाचा खर्च 350 डॉलरपर्यंत उतरविला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी दहा हजारांहून अधिक डॉलर घेत होत्या. माझ्या मते भारतीय उद्योगाच्या इतिहासात याहून अभिमानास्पद प्रकरण नाही.

1 जानेवारी 2005 पासून द्रव्यावरील पेटंट पुन्हा लागू झाले आणि नव्या औषधांपुरती ती मोकळीक संपली. शिवाय रसायनांपासून घडविलेल्या औषधांहून एटानरसेप्टची जातच वेगळी. हे प्रथिन आहे. सस्तन प्राण्याच्या पेशींमध्ये मानवी जनुकाची योजना करून, त्या पेशी पोलादी पात्रात पोषक द्रवावर वाढवून ते मिळवावे लागते. उष्णता, प्राणवायू, आम्लता यांत किंचित फरक पडला तरी रेणूवर चिकटणाऱ्या शर्करांची ठेवण बदलते, म्हणून अशा औषधाला मूळ औषधाची तंतोतंत नक्कल न म्हणता ‘जैवसदृश’ म्हणतात, आणि हे सादृश्य रुग्णांवरील चाचण्यांनीही शाबीत करावे लागते. शिवाय परदेशी तपासनीस कारखान्यात येऊन उत्पादनाच्या खेपांची दफ्तरे तपासतात. एखाद्या नोंदीची रुजवात झाली नाही तरी परवाना अडू शकतो.

बाजाराची निवडही तितकीच विचारपूर्वक झाली. अमेरिकेत या औषधावरील पेटंट 2029 पर्यंत वाट अडवून बसलेले असल्याने, लुपिनने प्रथम योशिंदो या कंपनीच्या भागीदारीने जपान गाठला आणि नंतर मायलान या कंपनीच्या साहाय्याने युरोप. वृद्धांची संख्या मोठी आणि शासनाचा औषधखर्च त्याहून मोठा, अशा जपानसारख्या देशास स्वस्त पर्यायाची निकड होतीच.

एवढे असूनही आपल्या औषधउद्योगाच्या इमारतीचा पाया कच्चा आहे. 2023-24 साली भारताने सुमारे 28 अब्ज डॉलरची औषधे निर्यात केली, परंतु त्यांतील मूळ औषधी द्रव्यांचा मोठा हिस्सा चीनमधून येतो. जांब्यापासून दूर नसलेल्या पिंपरीत, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने, 1954 साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तर बनत होतेच, पण संशोधक थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषधही तेथेच शोधले. पुढे चिनी पेनिसिलिनच्या दरापुढे देशी उत्पादन टिकले नाही. 2020 साली शासनाने मूळ औषधी द्रव्यांच्या उत्पादनास अर्थसाहाय्य देऊ केले आणि 2024 मध्ये काकीनाडा येथे पेनिसिलिनचा नवा कारखाना सुरू झाला. चिनी मालाचे दर पुन्हा घसरतील तेव्हाही हे साहाय्य अखंड राहावे, आणि पिंपरीत जी परंपरा होती तिच्यासाठी, म्हणजे नव्या रेणूच्या शोधासाठी, विद्यापीठांना व कारखान्यांना दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.